उधारीच्या मालालाही पक्की पावती असते



आजची नोंद पिकाची नाही, पावतीची आहे. फवारणी, खत, तण यावर आपण इथं नेहमी बोलतो. पण हे सगळं ज्या दुकानातून येतं, तिथं काउंटरवर आपलं काय होतं यावर कुणी लिहीत नाही. कारण पुढच्या महिन्यात त्याच काउंटरवर परत जायचं असतं. मलाही जायचंय. तरी लिहितो.

२०२५ चा जून. मे महिन्यातच पाऊस पडून गेलेला, त्यामुळं सगळ्यांनाच पेरणीची घाई. तालुक्याच्या गावी मी नेहमीच्या दुकानात गेलो. डीएपीची थप्पी डोळ्यासमोर लागलेली. मला ६ पोती पाहिजे होती. शेठ म्हणाले, "दादा, ६ पोत्याला दोन बाटल्या न् झिंकची एक बॅग घ्यावी लागंल. वरूनच तसं आलंय." मी म्हणलं, "बाटल्या नकोत." शेठ म्हणाले, "मग डीएपीबी नाही."

मी म्हणलं, "बरं, घेतो. पण पक्कं बिल द्या, आणि बाटल्या न् झिंक त्यावर वेगळं लिहा." शेठ हसले. "उधारीला कुठं पक्कं बिल असतंय दादा? रोखीनं घ्या, देतो बिल."

मी तसाच निघालो आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. पोहोच घेतली. तिसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला. ६ पोती मिळाली, १,३५० रुपये दरानं, बिलासकट, बाटली नाही न् झिंक नाही. जिंकलो म्हणायचं. पण बिलासोबत शेठनी खातं पुढं सरकवलं. मागची बाकी ४१,३०० रुपये. "आठ दिवसांत मिटवा दादा." दरवर्षी ही बाकी दिवाळीपर्यंत चालायची.

घरात १० क्विंटल सोयाबीन राखून ठेवलं होतं. हमीभाव होता ४,८९२. मला मिळाले ४,१५०. क्विंटलमागं ७४२ रुपये गेले. म्हणजे एक पक्की पावती मागायची किंमत मला ७,४२० रुपये पडली. वहीत तसंच लिहून ठेवलंय, खर्चाच्या रकान्यात.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. सांगायचंय ते एवढंच, की कायदा आपल्या बाजूनं आहे आणि चांगला भक्कम आहे. पण तो चालू होतो पावतीपासून. आणि ती पावती आपण उधारीच्या बदल्यात पहिल्याच दिवशी सोडून देतो. दुकानदाराला हे पक्कं माहीत आहे. आपल्याला नाही.

"उधारीला बिल नसतं" हे शेठचं वाक्य साफ खोटं आहे. १९८५ चा खत नियंत्रण आदेश काय म्हणतो बघा. प्रत्येक विक्रेत्यानं खरेदीदाराला रोखीची किंवा उधारीची पावती ठरलेल्या नमुन्यात दिलीच पाहिजे. 'उधारीची' हा शब्द आदेशातच आहे. बियाण्यासाठी १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश आहे, त्यातही बिल देणं बंधनकारक. साठा आणि दर यांचा फलक दुकानात लावणंही बंधनकारक. तो फलक तुम्ही शेवटचा कधी वाचलात, आठवून बघा.

आता ग्राहक संरक्षण कायदा. पहिला आला १९८६ साली. आता चालू आहे तो २०१९ चा, २० जुलै २०२० पासून. त्यात ग्राहक कोण? ज्यानं पैसे दिलेत तो, ज्यानं देण्याचं कबूल केलंय तो, आणि ज्यानं थोडे दिलेत, थोडे बाकी ठेवलेत तोसुद्धा. म्हणजे उधारीवर घेणारा माणूसही पुरा ग्राहक आहे. बिल न देणं ही याच कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. आणि एक वस्तू पाहिजे असेल तर दुसरी घ्यायलाच लावणं, ज्याला आपण 'लिंकिंग' म्हणतो, ती निर्बंधित व्यापार प्रथा. या दोन्हींवर तक्रार करता येते. डीएपीसोबत बाटली हे त्याचं अगदी पुस्तकातलं उदाहरण वाटावं असं आहे.

काही जण म्हणतील, "शेतकरी कसला ग्राहक? तो तर माल पिकवून विकतो, म्हणजे धंदाच की." कंपन्यांचे वकील वर्षानुवर्षं हेच म्हणत होते. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात हे मोडून काढलं. आंध्र प्रदेशातले शेतकरी होते, बियाणं सदोष निघालं होतं. निगमाचं म्हणणं, बियाणे कायदा आहे, तिकडं जा, ग्राहक मंचाचा इथं काय संबंध? न्यायालयानं सांगितलं, शेतकरी ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक मंचात जाता येतं. दुसरा मुद्दा होता नमुन्याचा. निगम म्हणे, बियाणं प्रयोगशाळेत तपासलंच नाही. अरे, शेतकऱ्यानं बियाणं पेरून टाकलं, आता तपासायला देणार काय, माती? न्यायालयानं तेच धरलं. शेतकऱ्यानं तपासणीसाठी बियाणं बाजूला काढून ठेवावं अशी अपेक्षा करता येत नाही. आपलं बियाणं चांगलं होतं असं म्हणणं असेल तर निगमानंच नमुना द्यायचा होता. आणि तो त्यांच्याकडं असायलाही पाहिजे. १९६८ च्या बियाणे नियमांत प्रत्येक लॉटची नोंद ३ वर्षं आणि नमुना लॉट संपल्यावर १ वर्ष ठेवायला सांगितलंय.

इतकं सगळं असताना आपण हरतो कुठं? माझंच सांगतो.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन किती ठिकाणी उगवलं नाही, ते सगळ्यांना आठवत असेल. मी ४ बॅगा नेल्या होत्या, ४ एकरासाठी. उधारीवर. हातात काय होतं? वहीच्या पानाचा तुकडा. त्यावर 'सोया ४' आणि खाली रक्कम. वाण नाही, लॉट नंबर नाही, तारीखसुद्धा नाही. शंभरात पस्तीस-चाळीस झाडं दिसली. शेठ म्हणाले, "पेरणी खोल गेली असंल दादा." कृषी सहायक शेतावर आले, चांगला माणूस, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बिल?" मी तो तुकडा दाखवला. त्यांनी तो उलटा करून बघितला आणि परत दिला. पिशव्या तर पेरणीच्या दिवशीच बांधावर जाळल्या होत्या. दुबार पेरणी केली. बियाणं, खत, ट्रॅक्टर धरून एकरी ६ हजारांच्या वर गेले, ते माझ्या खिशातून.

शेजारच्या काकांनी तेच बियाणं रोखीनं घेतलं होतं. बिल होतं, पिशवी होती, टॅग होता. त्यांच्या शेतात समिती आली, पंचनामा झाला. पुढं कंपनीचा माणूस घरी आला, बियाण्याचे पैसे दिले आणि 'माझी काही तक्रार नाही' अशी सही घेऊन गेला. काका खूश. पण दुबार पेरणीचा खर्च न् उशिरा पेरल्यानं घटलेलं उत्पन्न त्या सहीत बुडालं. ग्राहक आयोगात हेही मागता येतं, हे ना त्यांना कुणी सांगितलं, ना मला तेव्हा माहीत होतं. बियाण्याची किंमत हा आपल्या नुकसानीचा सगळ्यात लहान भाग असतो. सही करण्याआधी एवढं ध्यानात ठेवा.

आता उलट बाजू. ती टाळून चालणार नाही.

दुकानदार म्हणतात, "आमच्यावरच वरून लिंकिंग होतंय. आम्ही बाटल्या घेतल्या नाहीत तर आम्हाला डीएपीचा रेक मिळत नाही." हे बऱ्याच अंशी खरं असेल. मग माझा साधा प्रश्न आहे. तुम्हीही नडलेले असाल, तर कंपनीकडून लेखी घ्या किंवा लेखी तक्रार करा. संप करायचा म्हणलं की तुमची संघटना एका दिवसात दुकानं बंद ठेवते, मग लिंकिंगच्या विरोधात एक सहीचं पत्र का निघत नाही? वरचा भार खालच्याच्या गळ्यात टाकता येतो तोवर कुणालाच त्रास होत नाही, म्हणून. आणि खालचा म्हणजे आपण.

दुसरं म्हणणं, "शेठ अडीनडीला उभा राहतो. बँकेनं हाकलून दिलं तेव्हा त्यानंच खत दिलं." हेही खरं. माझ्याही घरी एकदा दवाखान्याला याच शेठनी पैसे दिलेत, ते मी विसरलो नाही. पण उपकार वेगळा आणि धंदा वेगळा. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त लावला जातो, म्हणजे उधारीचे पैसे आपण मोजतोच. त्यावर आणखी पावतीही सोडायची, बाटलीही घ्यायची, वाणही तो देईल तेच घ्यायचं? एका उधारीचे चार वेळा पैसे कशासाठी?

तिसरं, आणि हे कृषी क्षेत्रातल्या मंडळींसाठी. सोयाबीन उगवलं नाही की दोष बियाण्याचाच, असं मी म्हणत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हायच्या आधी पेरलं, बी ५ सेंटीमीटरच्या खाली गेलं, वरून पाऊस झोडपून जमीन कडक झाली, पोती आपणच आपटली, तरी उगवण जाते. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, मार सोसत नाही. पण मग साहेब, हे ठरवायचं कुणी? पंचनाम्यात नुसतं 'उगवण ४० टक्के' लिहून आलं, तर आयोगापुढं कंपनीचा वकील विचारणारच, कारण काय? आणि त्या कागदात उत्तर नसतं. तुम्ही शेतात येता तेव्हा बी किती खोल गेलंय ते मोजून लिहा. ओल लिहा. मीटरला किती झाडं ते लिहा. त्याच लॉटचं बियाणं दुसऱ्या शेतात कसं उगवलं, आणि त्याच शेतात दुसऱ्या लॉटचं कसं, ते लिहा. कंपनीला आणि विक्रेत्याला आधी नोटीस गेली होती का ते लिहा. विद्यापीठाचा किंवा केव्हीकेचा शास्त्रज्ञ सोबत असू द्या आणि त्याची सही असू द्या. दोष आमचा असेल तर तसं लिहा, आम्ही सोसू. पण अर्धवट कागद देऊ नका. तुमच्या अर्ध्या पानावर एका घराचं वर्ष अवलंबून असतं.

आणि नमुन्यांचं काय? बियाण्याचे नमुने काढले जातात, प्रयोगशाळेत जातात. पण निकाल येईपर्यंत पेरणी उरकलेली असेल तर त्या निकालाचा उपयोग कुणाला? नापास लॉट मातीत गेल्यावर विक्रीबंदीचा आदेश निघाला तर विकायला उरलंय काय? तपासणी मे महिन्यात व्हायला पाहिजे आणि निकाल दुकानाच्या दारावर लागायला पाहिजे.

दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. तहसीलमध्ये कार्यक्रम होतो, भाषणं होतात. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासून या राज्यात ग्राहक चळवळ आहे. शहरातला माणूस फ्रिज बिघडला तर आयोगात जातो. आपलं ४ एकराचं पीक जातं आणि आपण "नशीब" म्हणून बसतो. शेतकरी राजा, शेतकरी पोशिंदा, हे ऐकून कान किटले. मला राजा म्हणू नका. ग्राहक म्हणा आणि बिल द्या.

आता कामाचं.

१. बियाण्याच्या बिलावर पीक, वाण, लॉट नंबर, वजन, दर, तारीख आणि दुकानदाराची सही पाहिजे. औषधाच्या बिलावर बॅच नंबर आणि मुदत. अनुदानाच्या खताला अंगठा लावता तेव्हा मशीनमधून पावती निघते, ती मागून घ्या आणि पोती मोजून बघा.

२. पिशवी खालून फोडा, वरचा टॅग शाबूत ठेवा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, सत्यतादर्शक बियाण्याचा हिरवट. पिशवी, टॅग आणि मूठ-दोन मूठ बी पीक निघेपर्यंत ठेवा. न्यायालयानं शेतकऱ्याकडून नमुन्याची अपेक्षा धरली नाही हे खरं, पण हातात असलेला बरा.

३. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. चार-पाच दिवसांनी मोजा. सोयाबीनला किमान ७० उगवले पाहिजेत. कमी आले तर पेरू नका, बिल घेऊन परत जा. मोजतानाचा फोटो काढा.

४. उगवलं नाही तर मोडायची घाई करू नका. आधी कृषी विभागाकडं लेखी तक्रार आणि पोहोच. पंचनामा झाल्याशिवाय नांगर घालू नका. पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला २ वर्षांची मुदत आहे. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. कंपनी हैदराबादची असो की इंदूरची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑनलाइनही करता येते. आधी विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

६. बिलाशिवाय, टॅगशिवाय येणारं 'चोर बीटी' घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. त्या तणनाशक बीटीला देशात परवानगी नाही. फसलात तर तुमच्यासाठी कुठलाच कागद बोलणार नाही.

कायदा म्हणतो तक्रार ३ महिन्यांत निकाली काढा, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर ५ महिन्यांत. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. म्हणून 'आयोगात जा' हा सगळ्यावरचा इलाज आहे असं मी म्हणत नाही. पण तुमच्याकडं बिल, टॅग आणि पंचनामा आहे हे कळलं की कंपनीची भाषा बदलते. काकांच्या घरी माणूस चालत आला होता. माझा फोनसुद्धा कुणी उचलला नाही. बियाणं एकच होतं.

आणि एक शेवटचं. एकट्यानं पावती मागितली की बाकी वसूल होते, हे मी भोगलंय. म्हणून यंदा आम्ही १४ जणांनी ठरवलंय. पीक कर्ज मे महिन्यात मिळालं तर रोखीनं, नाही मिळालं तर उधारीनं, पण खरेदी एकत्र आणि प्रत्येकाच्या नावाचं पक्कं बिल. एकाची बाकी आठ दिवसांत मागता येते. चौदा जणांची मागितली तर चौदाही गिऱ्हाईकं दुसऱ्या दुकानात जातात, हा हिशोब शेठनाही कळतो. शिवाय सोयाबीनचं घरचं बियाणं राखतोय. सोयाबीन स्वपरागी पीक आहे, सरळ वाणाचं बी नीट जपलं तर २-३ वर्षं चालतं. जेवढं घरचं, तेवढी काउंटरवर मान वर.

बँकेनं वेळेवर कर्ज दिलं तर निम्मी गावं पक्क्या पावतीवर येतील. ती मागणी वेगळी, ती करतच राहू. पण तोवर उधारी म्हणून गप्प बसायचं कारण नाही. उधारीच्या पावतीचा शब्द सरकारच्या आदेशात लिहिलाय, तो मागून घेतोय, भीक नाही.

पुढच्या वेळी दुकानात गेलात की एवढंच म्हणा, "शेठ, उधारीचं असलं तरी पक्कं बिल द्या." काय उत्तर मिळालं ते इथं खाली लिहा. दुकानाचं नाव लिहू नका, तालुका लिहा. किती तालुक्यांत एकच उत्तर मिळतं ते बघू. मग तीच यादी घेऊन कृषी अधीक्षकांकडं जाऊ.

रामराम.